पाणटिवळ्यांची दोन घराणी

हिवाळ्याच्या आरंभी आपल्या पाणथळींवर उतरणाऱ्या लांब चोचीच्या पक्ष्यांपैकी बहुतेकांची ओळख पटवणे नवशिक्याला वाटते तितके दुर्घट नसते. शराटीची खाली वाकलेली जाड चोच, शेकाट्याचे उंच गुलाबी पाय, पाणलाव्याचे गवतात दबा धरून बसणे आणि पाऊल जवळ येताच नागमोडी उडून जाणे, यांपैकी कोणतेही एक लक्षण नीट पाहिले की पुढची चौकशी करण्याची गरज उरत नाही. परंतु दोन पक्षी असे आहेत की ज्यांच्यापुढे मुरलेला पक्षिनिरीक्षकही दुर्बीण खाली न ठेवता काही वेळ मौन धारण करतो, आणि ते उडेपर्यंत वहीत नाव लिहिण्याची घाई करीत नाही. इंग्रजीत गॉडविट आणि मराठीत पाणटिवळा अथवा मालगुजा या नावांनी ओळखले जाणारे हे पक्षी होत. त्यांपैकी एकाची शेपटी टोकाला काळी असते व दुसऱ्याच्या शेपटीवर आडवे पट्टे असतात. म्हणून या प्रकरणापुरते एकाला कृष्णपुच्छ आणि दुसऱ्याला पट्टपुच्छ म्हणू. 1758 साली लिनियसने दोघांनाही शास्त्रीय नावे दिली तेव्हा त्याने त्यांना पाणलाव्याच्या शेजारी एकाच वंशात बसवले होते. पुढे पाणटिवळ्यांचा स्वतंत्र वंश मानला गेला, आणि आज त्या वंशात जगभरात चारच जाती आहेत, पैकी दोन अमेरिकेतल्या. उरलेल्या या दोघी जुन्या जगाच्या, आणि आपल्या देशात त्या दोन्ही येतात.

त्यांच्यातील साम्य वरवरचे नाही. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोघांचीही लांबी साधारण 40 सेंटिमीटर भरते. दोघांची चोच मुळाशी गुलाबी आणि टोकाकडे काळसर. दोघांचा हिवाळी वेष राखी-तपकिरी, आणि दोघांतही मादी नरापेक्षा आकाराने मोठी व चोचीने लांब. चिखलात चोच खुपसून, मान किंचित हलवीत, दोन पावले पुढे टाकून पुन्हा खुपसण्याची रीतही एकच. अशा वेळी पाहणाऱ्याने प्रथम पाठीकडे पाहावे. कृष्णपुच्छाची पाठ हिवाळ्यात जवळजवळ एकरंगी, पुसून काढल्याइतकी स्वच्छ असते. पट्टपुच्छाच्या पाठीवरील प्रत्येक पिसाच्या मधोमध गडद रेघ असल्याने ती सगळी पाठ रेघारेघांची दिसते. त्यानंतर भुवई पाहावी: कृष्णपुच्छाची फिकट भुवई डोळ्याच्या पुढच्या बाजूला ठळक असते आणि डोळ्यापाशी येऊन जणू संपते, तर पट्टपुच्छाची डोळ्यामागेही लांबवर जाते. चोच कृष्णपुच्छाची जवळजवळ सरळ, पट्टपुच्छाची टोकाकडे किंचित वर उचललेली. तथापि हे लक्षण सांगायला सोपे आणि पारखायला अवघड आहे, कारण पाण्यावरून येणाऱ्या झळांमध्ये सरळ रेषाही वाकडी दिसते.

माझ्या मते बसलेल्या पक्ष्याची सर्वांत विश्वासार्ह खूण पायांत आहे, आणि ती ज्याने एकदा मनात ठसवली त्याला बाकीच्या खुणा केवळ पुरवणी म्हणून लागतात. पक्ष्याच्या पायात मागे वळलेला जो सांधा आपल्याला दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. शरीररचनेच्या दृष्टीने तो वस्तुतः घोटा होय, आणि खरा गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. या सांध्याच्या वरचा, पिसांखाली उघडा दिसणारा भाग कृष्णपुच्छात स्पष्टपणे लांब असतो, त्यामुळे सबंध पक्षी उंच, सडपातळ आणि काहीसा खानदानी दिसतो. पट्टपुच्छात तोच भाग आखूड असल्याने त्याचे पोट जमिनीला अधिक जवळ येते व अंग गोटीबंद वाटते. हा फरक शोभेचा नाही. कृष्णपुच्छ हा पोटापर्यंत पाण्यात उतरून, प्रसंगी डोके आणि अर्धी मान बुडवून, तळाच्या गाळात चोच घालणारा पक्षी. पट्टपुच्छ हा ओहोटीच्या मागोमाग उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूवर चालणारा. एकाला उंची हवी, दुसऱ्याला वाऱ्यात तोल हवा.

पक्षी उडाला की मात्र सगळा संशय फिटतो. कृष्णपुच्छाने पंख उघडताच त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद शुभ्र पट्टा झळकतो, कमरेचा पांढरा भाग आणि त्याखालची काळी शेपटी यांचा विरोध डोळ्यांत भरतो, आणि लांब पाय शेपटीच्या बरेच मागे लोंबतात. पट्टपुच्छाचे पंख मात्र वरून साधे तपकिरी, त्यांवर तसला पट्टा नाही. कमरेपासून पाठीवर पांढरी पाचर चढत गेलेली, शेपटीवर बारीक आडवे पट्टे, आणि पाय शेपटीच्या टोकाबाहेर जेमतेम डोकावणारे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अतिपूर्वेकडील सैबेरियात आणि अलास्कात विणीला जाणाऱ्या पट्टपुच्छांची कंबर पांढरी नसून तपकिरी पट्ट्यांची असते. परंतु आपल्या किनाऱ्यावर येणारे पक्षी त्या शाखेचे नव्हत, त्यामुळे परदेशी पुस्तकातील चित्र पाहून आपल्या पक्ष्याचा निवाडा करताना ते चित्र कोणत्या मुलखातले आहे हे आधी पाहावे. वैशाखाच्या सुमारास, म्हणजे परतीची वेळ येते तेव्हा, वेष पालटू लागतो आणि ओळख आणखी सोपी होते: पट्टपुच्छ नर शेपटीखालच्या पिसांपर्यंत सबंध विटकरी तांबडा होतो, तर कृष्णपुच्छाचा तांबूसपणा मान आणि छाती येथवरच थांबतो व पोटावर पांढऱ्यावर काळ्या आडव्या रेघा उमटतात. पट्टपुच्छ मादी या रंगपंचमीतून जवळजवळ कोरडीच राहते.

या पक्ष्यांच्या चोचीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण लांब चोच म्हणजे गाळात खुपसायची काठी असा जो सर्वसाधारण समज आहे तो या अवयवावर अन्याय करणारा आहे. दहा सेंटिमीटर लांबीची चोच दाट गाळात मुळापर्यंत रुतलेली असताना ती उघडायची कशी, हा प्रश्न क्षणभर मनात आणून पाहावा. आपण तोंड उघडतो त्या रीतीने बिजागरीपासून ती उघडायची म्हटले, तर सभोवतालचा सगळा गाळ दोन बाजूंना ढकलावा लागेल, आणि इतके बळ कोणत्याही पक्ष्याच्या जबड्यात नाही. पाणटिवळ्यांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या बाबतीत यावर तोड अशी निघाली आहे की वरच्या चोचीचे केवळ टोकच मुळापासून स्वतंत्रपणे वर वाकू शकते. चोचीचा बाकीचा दांडा मिटलेला राहतो आणि गाळाच्या पोटात, नजरेआड, सोनाराच्या चिमट्याप्रमाणे फक्त टोके उघडतात व मिटतात. टोकाच्या हाडात सूक्ष्म खळगे असून त्यांत दाब व कंप जाणणाऱ्या मज्जापेशींचे पुंजके दाटीने बसवलेले असतात. म्हणून पक्षी गाळात शोधतो तेव्हा तो आंधळेपणाने टोचत नसतो. एखाद्या अळीची हालचाल वा शिंपल्याचा कठीणपणा त्याला चोचीच्या टोकातून कळतो. जवळून पाहण्याचा योग आला तर हे सर्व प्रत्यक्ष दिसते: चोच आत जाते, डोके थबकते, मानेला बारीक थरथर येते, आणि मग चोच हळूहळू, ताण न देता, बाहेर येऊ लागते. अळी तुटू नये म्हणून तो तिला हिसका देत नाही. ती बाहेर आली की पाण्यात एकदा विसळतो आणि चोचीच्या लांबीवरून ती घशाकडे सरकवीत नेतो.

ही हत्यारे दोघांची समान असली, तरी ज्या शेतात ती चालवायची ते शेत निराळे आहे. पट्टपुच्छाचे आयुष्य, विणीचा काळ सोडला तर, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. उत्तर युरोपच्या वालुकामय किनाऱ्यांवर त्याचे मुख्य अन्न म्हणजे वाळूत बीळ करून राहणारा एक जाड सागरी कृमी. हा कृमी आपली विष्ठा टाकण्यासाठी बिळाच्या तोंडाशी येतो, आणि वाळूवर वेटोळ्यांची नवी रास उमटताच पट्टपुच्छ धावत जाऊन नेमक्या त्या जागी चोच घालतो. लांब चोचीच्या माद्या पाण्याच्या कडेने अधिक खोलात उतरतात, आणि आखूड चोचीचे नर उथळ भागात वावरतात. अशा रीतीने एकाच कुळात खाण्याची वाटणी परस्पर होऊन जाते. कृष्णपुच्छाचे शेत गोड्या पाण्याचे: पूर ओसरलेली कुरणे, तळ्यांचे काठ, भातखाचरे. तो अळ्या आणि गोगलगायी खातो, तसेच सांडलेले भातही खातो. पश्चिम आफ्रिकेत आणि स्पेन-पोर्तुगालच्या भातशेतीत हिवाळा काढणाऱ्या थव्यांचा तर भातावर बराच निर्वाह चालतो. तथापि या वाटणीला अपवाद आहेत आणि ते लपवून चालणार नाही. ठाण्याच्या खाडीत, शिवडीपासून भांडुपपर्यंतच्या चिखलवटीवर, रोहितांच्या पायांशी चरणारे शेकडो पाणटिवळे दिसतात ते कृष्णपुच्छच असतात, खारे पाणी असूनही. त्यामुळे स्थळ हा ओळखीचा पुरावा म्हणून नव्हे, तर अनुमानाचा आधार म्हणून वापरावा. तळ्यावर दिसलेला पाणटिवळा बहुधा कृष्णपुच्छ असतो. किनाऱ्यावरचा कोण आहे ते मात्र पंख उघडल्यावरच सांगावे.

आता या दोन घराण्यांचे मूळ मुलूख पाहू. कृष्णपुच्छाचा इतिहास माणसाच्या शेतीशी इतका जखडलेला आहे की त्याची हकिगत सांगणे म्हणजे पाणथळ जमिनींच्या कारभाराची हकिगत सांगणे होय. इंग्लंडच्या पूर्व भागातील विस्तीर्ण दलदलींत तो पूर्वी मोठ्या संख्येने वीण घालीत असे, आणि सतराव्या शतकात नॉरिच येथील वैद्य व ग्रंथकार सर टॉमस ब्राउन याने त्याची गणना इंग्लंडातील सर्वांत रुचकर पक्वान्नांत केली होती. पक्षी जाळ्यांत सापडत होते तोवर जातीवर संकट आले नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु खरा घाला पडला तो दलदलींचा निचरा करून त्या जमिनी लागवडीखाली आणण्याच्या मोहिमेमुळे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातून त्याची वीण नाहीशी झाली. ती पुन्हा सुरू झाली 1952 साली, ऊज नदीच्या पूरमैदानात. आणि तीही अशा ठिकाणी की जेथे शेते बुडू नयेत म्हणून हिवाळ्याचे पुराचे पाणी दोन बंधाऱ्यांमध्ये मुद्दाम सोडले जाते व उन्हाळ्यात तेथे गुरे चरतात.

हॉलंडची गोष्ट याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. तेथील माणसाने समुद्रसपाटीच्या आगेमागे असलेल्या दलदलीच्या जमिनी शतकानुशतके थोड्याथोड्या कोरड्या केल्या, त्यांवर गवत वाढवले, गुरे पोसली, शेणखत घातले. आणि या सर्व उद्योगातून, कोणाच्याही मनात नसताना, कृष्णपुच्छाला अनुकूल अशी भूमी तयार झाली. ओलसर माती, तिच्यात गांडुळांची रेलचेल, उशिरा कापले जाणारे नाना प्रकारचे गवत आणि त्यात लपवता येणारे घरटे! मादी चार अंडी घालते आणि आसपासचे गवत वर ओढून घरट्यावर छत करते. पिल्ले अंड्यातून बाहेर येताच चालू लागतात व गवताच्या पात्यांवरील किडे स्वतः टिपतात. 1960 च्या दशकात एकट्या हॉलंडमध्ये सुमारे 1 लाख 20 हजार जोड्या वीण घालीत होत्या. पुढे दुग्धव्यवसायाला वेग आला, पाण्याची पातळी आणखी खाली नेण्यात आली, अनेक गवतांच्या जागी झपाट्याने वाढणारे एकच गवत पेरले गेले आणि पहिली कापणी काही आठवडे अलीकडे आली. यंत्र शेतात फिरू लागते तेव्हा पिल्ले उडण्याच्या वयाची झालेली नसतात, आणि जी यंत्रातून वाचतात त्यांना त्या एकसुरी, दाट गवतात चालताही येत नाही व खायलाही पुरेसे मिळत नाही. आज तेथे पूर्वीच्या जेमतेम चौथाईच्या आसपास जोड्या उरल्या आहेत. 2015 साली लोकमताने हा पक्षी हॉलंडचा राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडला गेला. काही शेतकरी मोबदला घेऊन कापणी लांबणीवर टाकतात, काही मोबदल्याची वाट न पाहताही टाकतात. त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो; कारण दूध आणि पक्षी यांतील निवड दर वर्षी, आपल्या पदराला खार लावून, नव्याने करणे ही सोपी गोष्ट नव्हे.

आइसलंडमध्ये वीण घालणाऱ्या कृष्णपुच्छांची स्थिती याच्या उलट, म्हणजे चांगली आहे, आणि त्यांच्याविषयी एक नोंद येथे देण्याचा मोह आवरत नाही. टोमास गुन्नारसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पायांत रंगीत कडी घातलेल्या जोड्यांवर लक्ष ठेवले आणि 2004 साली असे प्रसिद्ध केले की नर व मादी हिवाळा वेगवेगळ्या ठिकाणी, सरासरीने सुमारे 950 किलोमीटर अंतरावर घालवतात, वाटेत त्यांची गाठ पडत नाही, आणि तरीही वसंतात जुन्या जागी ती दोघे साधारण तीन दिवसांच्या अंतराने येऊन पोहोचतात.

पट्टपुच्छाचा मूळ मुलूख याहून कितीतरी उत्तरेला, लॅपलंडपासून सैबेरियाच्या टुंड्रातून थेट अलास्कापर्यंत पसरलेला आहे. तेथे ना शेत, ना गुरे, ना बंधारे. आणि त्यामुळे त्याच्यावरील संकटे विणीच्या जागी नसून प्रवासाच्या वाटेवर आहेत. हा प्रवास मोजण्याचे साधन हाती आले ते अगदी अलीकडे. न्यूझीलंडमध्ये आपल्या हिवाळ्याआधी गोळा होणारे थवे अलास्कातून येतात हे ठाऊक होते, परंतु ते आशियाच्या किनाऱ्याने मजल-दरमजल करीत येतात की पॅसिफिक महासागर सरळ ओलांडतात याविषयी वाद होता. कारण अकरा-बारा हजार किलोमीटरच्या अखंड पाण्यावरून, समुद्रावर विसावण्याजोगे पडदेदार पाय नसलेला, तीन-साडेतीनशे ग्रॅमचा पक्षी एका दमात येतो हे मानायला मन धजत नव्हते. 2007 साली ई-7 या खुणेच्या एका मादीच्या अंगात उपग्रहाशी संपर्क राखणारे यंत्र बसवण्यात आले. ती मार्चमध्ये न्यूझीलंडहून निघून चीनच्या यालू नदीच्या मुखाशी उतरली, तेथून अलास्काला गेली, वीण आटोपली, आणि ऑगस्टच्या अखेरीस निघून साडेअकरा हजार किलोमीटरहून अधिक अंतर सुमारे आठ दिवसांत, कोठेही न उतरता, पार करून न्यूझीलंडला परतली. सबंध फेरीत तिने सुमारे 29,000 किलोमीटरचा पल्ला गाठला. हा विक्रम पुढे मोडला गेला. 234684 एवढ्याच क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या, जेमतेम पाच महिन्यांच्या एका पक्ष्याने 13 ऑक्टोबर 2022 रोजी अलास्का सोडली आणि तो 11 दिवसांनी टास्मानियाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला. अंतर 13,560 किलोमीटर. त्याला वाट दाखवायला त्याचे आईबाप असतील असे मानण्याचे कारण नाही, कारण मोठे पक्षी बहुधा आधी निघून जातात.

एवढी मजल मारणाऱ्या देहाची तयारी कशी होते याचा उलगडा एका दुर्घटनेतून झाला. ऑक्टोबर 1987 मध्ये अलास्कातील कोल्ड बे येथे प्रस्थानाच्या रात्री काही पट्टपुच्छ रडारच्या घुमटावर आदळून मेले. त्यांचे विच्छेदन करून टेउनिस पियर्स्मा आणि रॉबर्ट गिल यांनी 1998 साली जे प्रसिद्ध केले ते मुळातून समजून घेण्याजोगे आहे: या पक्ष्यांच्या वजनापैकी 55 टक्के भाग केवळ चरबीचा होता, आणि पेषणी, यकृत, मूत्रपिंडे, आतडी हे अन्नपचनाशी आणि दैनंदिन उत्सर्जनाशी संबंधित अवयव आक्रसून लहान झालेले होते. ज्या प्रवासात अन्न मिळणार नाही त्या प्रवासात पोटाचे ओझे वाहण्यात हशील नाही, या हिशेबाने शरीर स्वतःच आपल्या अवयवांची छाटणी करते आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते पुन्हा वाढवते. शिवाय हे पक्षी वाटेल त्या दिवशी निघत नाहीत. उत्तर पॅसिफिकमधील वादळ पुढे सरकून त्याच्या पिछाडीचा उत्तरेकडील वारा वाहू लागेपर्यंत ते थांबतात आणि मग त्या वाऱ्याच्या पाठबळावर समुद्रावर झेपावतात.

मात्र जातानाचा मार्ग तसा अखंड नसतो. उत्तरेकडे परतताना चीन आणि कोरिया यांमधील पीत समुद्राच्या चिखलवटीवर उतरून पुन्हा चरबी साठवल्याखेरीज त्यांना अलास्का गाठता येत नाही, आणि नेमक्या याच किनाऱ्यावरील निम्म्याहून अधिक चिखलवट गेल्या अर्धशतकात भराव, बंदरे आणि कारखाने यांखाली गेली आहे. दक्षिण कोरियात सेमांगुम येथे 2006 साली पुरी झालेली समुद्रभिंत 33 किलोमीटर लांबीची आहे. तिच्या आत पूर्वीसारखी ओहोटी येत नाही, आणि ओहोटी आली नाही की पक्ष्याला जेवण नाही. अलास्कातील टुंड्रा कितीही अबाधित राखला, न्यूझीलंडमधील खाड्यांचा कितीही चोख बंदोबस्त ठेवला, तरी मधला हा एक मुक्काम उठला की दोन्ही टोके निरर्थक ठरतात. 2019 साली चीनमधील व 2021 साली कोरियातील काही चिखलवटींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

कृष्णपुच्छाला सागरी विक्रमांचा बडेजाव नाही, पण त्याला कमी लेखू नये. स्पेनमध्ये उपग्रहयंत्र लावलेल्या पक्ष्यांपैकी काही जण आफ्रिकेच्या वाटेवर सुमारे 6,000 मीटर उंचीवरून उडताना आढळले, तेही वाटेत एकही पर्वत नसताना. वरच्या थंड हवेत अंग तापत नाही हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

भारतात येणारे कृष्णपुच्छ मुख्यत्वे मध्य आशिया आणि पश्चिम सैबेरियातील गवताळ प्रदेशांतून येतात. महाराष्ट्रात त्यांचे दर्शन दुर्मीळ नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मधमेश्वरचा बंधारा, पैठणचा नाथसागर, भीमेवरील उजनीच्या फुगवट्यावर भिगवणपासून कुंभारगावापर्यंतचा काठ, ही त्यांची ठरलेली ठिकाणे होत. यांतले एकही ठिकाण निसर्गनिर्मित नाही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हॉलंडप्रमाणेच येथेही माणसाने स्वतःसाठी केलेल्या पाण्याच्या तजविजीत पक्ष्याने आपली सोय पाहिली आहे. उजनीचे पाणी पौषापासून ओसरू लागते, काठाची गाळाची जमीन रोज थोडी उघडी पडते, तिच्यावर गाळपेर होते, आणि पाणी व जमीन यांमधील ती चार-सहा हात रुंदीची ओली पट्टी जसजशी मागे सरते तसतसे हे थवेही तिच्यामागून सरकत जातात. त्यांचे सगळे पोट त्या पट्टीवर आहे. पाणी किती खोल आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने उतरते हे त्यांना अधिक महत्त्वाचे. आणि धरणातून पाणी सोडण्याचे जे वेळापत्रक पाटबंधारे खात्याच्या दप्तरात ऊस, पिण्याचे पाणी आणि वीज यांच्या मागणीवरून ठरते, त्यात या पट्टीचा विचार करण्याची पद्धत पडावी असे मला मनापासून वाटते.

पट्टपुच्छासाठी महाराष्ट्राबाहेर, कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर जामनगरच्या बाजूस जावे. तेथे ओहोटीच्या वेळी मैलोन्‌मैल उघड्या पडणाऱ्या वाळूमिश्रित गाळावर तो हमखास भेटतो. समोरच्या अरबस्तानात, ओमानच्या बार अल हिकमान येथील विस्तीर्ण चिखलवटीवर तर त्याचे फार मोठे थवे हिवाळा काढतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर तो येतो, परंतु तुरळक. त्याला गाळाबरोबर वाळू हवी, मोकळा विस्तार हवा, आणि भरतीच्या वेळी चिखलवट बुडाली की जवळच कोरडी, निर्वेध विश्रांतीची जागा हवी. ही शेवटची गरज कृष्णपुच्छालाही खाडीकाठी तितकीच असते. उरणजवळील पाणजे येथील पाणथळ भरतीच्या वेळी खाडीतून उठलेल्या पक्ष्यांना ती पुरवीत आली आहे. कागदोपत्री अशा जागा पडीक दिसतात, त्यांवर पीक नाही, इमारत नाही, म्हणून भराव घालण्यास त्या मोकळ्या आहेत असे गृहीत धरले जाते. खाडीतील चिखलवट राखून ही जागा भरून टाकणे म्हणजे पक्ष्याचे ताट ठेवून त्याची पथारी काढून घेणे होय. दिवसातून दोनदा येणारी भरती त्याला उडवीत राहील आणि जमवलेली चरबी तो उडण्यातच खर्च करील.

म्हणूनच वहीत केवळ ‘पाणटिवळे, दोनशे’ असे लिहून मोकळे होणाऱ्या गणनेचा मला संकोच वाटतो. आपल्याकडे 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तिच्यात हौशी लोक मोठ्या निष्ठेने भाग घेतात. दोन्ही जाती आज संकटसमीप म्हणून गणल्या जातात, परंतु एकीचा प्रश्न कुरणाच्या कापणीचा आणि धरणाच्या पाण्याचा, तर दुसरीचा समुद्रभिंतीचा आणि भरावाचा. दोघींचा एकत्र आकडा या दोन प्रश्नांपैकी कोणत्याही एकाचे उत्तर देऊ शकत नाही. थवा उडेपर्यंत थांबून पंखांवरील पट्टा पाहण्यास जो अर्धा तास जातो तो त्या नोंदीचा प्राण असतो.

जानेवारीच्या गणनेतून एक गोष्ट मात्र स्वभावतःच निसटते. पाणटिवळ्यांची पहिल्या वर्षाची पिल्ले सगळीच उत्तरेकडे परतत नाहीत. पट्टपुच्छाची तरुण पिढी तर पहिल्या विणीआधी दोन-तीन वर्षे दक्षिणेतच राहते. त्यामुळे मृगाच्या पहिल्या सरी पडू लागल्यावर, जेव्हा पक्षिनिरीक्षकांच्या दुर्बिणी पेटीत गेलेल्या असतात, तेव्हाही खाडीच्या चिखलवटीवर राखी वेषातील काही पाणटिवळे चरताना आढळतात. ते आजारी नसतात, वाट चुकलेलेही नसतात. त्यांची संख्या किती आणि ते कोणत्या काठावर राहतात हे लिहून ठेवायचे, तर ज्येष्ठ-आषाढातही गाळ तुडवीत खाडीकाठी गेले पाहिजे, आणि तेथेही प्रथम पाठ पाहावी, मग पाय, आणि थवा उठला की पंख.